मुंबईत नोकरी लागली, आता खोली कुठं बघायची? लाईन, स्टेशन आणि भाड्याचा सगळा हिशोब

दरवर्षी जून-जुलै आला की सांगली, लातूर, जळगाव, चिपळूणकडची पोरंपोरी ऑफर लेटर घेऊन मुंबईत येतात आणि ओळखीच्या माणसाला पहिला प्रश्न विचारतात, खोली कुठं बघू? मग ज्याला विचारलं तो जिथं राहतो तिथलंच उत्तर मिळतं. काका डोंबिवलीत म्हणून डोंबिवली, मित्र नालासोपाऱ्यात म्हणून नालासोपारा. डिपॉझिट भरून झालं की कळतं ऑफिस तर ऐरोलीत आहे, आणि नालासोपाऱ्याहून ऐरोली म्हणजे दादरला गाडी बदला, ठाण्याला बदला, परत उतरून रिक्षा. सहा महिन्यांत माणूस थकून जातो आणि म्हणतो मुंबई आपल्याला झेपत नाही. अहो मुंबई झेपते, खोली चुकीच्या लाईनवर घेतलेली असते.

मुंबईत घर ते ऑफिस अंतर किलोमीटरमध्ये मोजून काहीच कळत नाही. मुलुंड आणि बोरिवली नकाशावर बघा, शेजारी वाटतात, पण मधे नॅशनल पार्कचा डोंगर आहे, त्यामुळे एकतर घोडबंदर रोडने वर वळसा घालायचा नायतर खाली येऊन पवईच्या लिंक रोडने जायचं. उलट विरार ते चर्चगेट केवढं लांब, पण एका गाडीत बसलात की थेट. म्हणून दोन गोष्टी मोजायच्या: गाडी किती वेळा बदलावी लागते, आणि गर्दीच्या दिशेनं जायचंय की उलट दिशेनं. भाडं, सोसायटी, गॅलरी हे सगळं त्याच्या नंतर.

पायरी १: ऑफिस नेमकं कुठं आहे ते एचआरला विचारा

ऑफर लेटरवर नुसतं "मुंबई" लिहिलेलं असतं. बऱ्याचदा तो पत्ता रजिस्टर्ड ऑफिसचा असतो आणि तुमची टीम बसते तिसरीकडेच. फोन करून स्पष्ट विचारा की बिल्डिंग कुठली, जवळचं स्टेशन कुठलं, पहिले सहा महिने तिथंच का क्लायंटकडे पाठवणार, शिफ्ट कुठली, आठवड्यात किती दिवस यायचं. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. दोनच दिवस जायचं असेल तर बदलापूर चालून जाईल, सहा दिवस जायचं असेल तर तोच प्रवास अंगावर येतो.

रात्रीची शिफ्ट असेल तर कंपनीची कॅब कुठपर्यंत सोडते हे पण विचारा, कारण बहुतेक कंपन्यांची हद्द ठरलेली असते आणि तुमचं घर त्याच्या पुढे असलं तर मध्यरात्री तुम्ही कुठल्यातरी नाक्यावर उभे. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे रात्री साडेनऊनंतर महिलांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती लागते आणि सुरक्षिततेची आणि घरापर्यंत सोडण्याची सोय मालकाने करायची असते, हे मुलींनी माहिती ठेवावं आणि हक्काने विचारावं.

पायरी २: ऑफिसवरून लाईन ठरवा

आधी रचना समजून घ्या. वेस्टर्न म्हणजे चर्चगेट ते विरार आणि पुढे डहाणू. सेंट्रल म्हणजे सीएसएमटी (जुनं व्हीटी) ते कल्याण, तिथून एक फाटा कसारा आणि एक कर्जत-खोपोली. हार्बर म्हणजे सीएसएमटी ते पनवेल आणि दुसरा फाटा गोरेगावकडे. ट्रान्सहार्बर म्हणजे ठाण्याहून वाशी, नेरुळ, पनवेल. वेस्टर्न-सेंट्रल दादरला भेटतात, सेंट्रल-हार्बर कुर्ल्याला, सेंट्रल-ट्रान्सहार्बर ठाण्याला, वेस्टर्न-हार्बर वांद्रे-अंधेरीकडे. आणि घाटकोपर ते अंधेरी मेट्रो १ आहे, २०१४ पासून, सेंट्रलवाल्यांना अंधेरीला जायचा तोच एक सरळ रस्ता.

आता ऑफिसप्रमाणे बघू.

फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, नरिमन पॉइंटला ऑफिस असेल तर तुम्ही नशीबवान, कारण वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर तिन्ही लाईनी तिकडंच जातात. सीएसएमटी किंवा चर्चगेटला उतरून शेअर टॅक्सी, बस किंवा चालत. तिकडं रिक्षा नाहीत हे लक्षात ठेवा, रिक्षा वांद्रे आणि सायनच्या अलीकडं येत नाही. फक्त सकाळची सगळी गर्दी पण तिकडंच जाते, त्याचं पुढं सांगतो.

लोअर परळ चांगलं ठिकाण आहे कारण वेस्टर्नचं लोअर परळ-प्रभादेवी आणि सेंट्रलचं करी रोड-परळ दोन्ही बाजूंनी चालत जाता येतं. पण तिथं बहुतेक स्लो, म्हणजे प्रत्येक स्टेशन घेणाऱ्या गाड्याच थांबतात, म्हणजे लांबून येणाऱ्याने दादरला फास्टमधून उतरून स्लो पकडायची.

बीकेसीला, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, जायला वेस्टर्नवाले वांद्र्याला उतरतात, सेंट्रल आणि हार्बरवाले कुर्ल्याला, आणि मग शेअर रिक्षा नायतर बस. कुर्ला वेस्टची संध्याकाळची रिक्षाची रांग एकदा बघून या, मगच ठरवा. मेट्रो ३ आल्यापासून बीकेसीला स्वतःचं भुयारी स्टेशन आहे, त्यामुळे अंधेरी पूर्व, मरोळ, सांताक्रूझ, दादर, वरळी, गिरगाव या पट्ट्यात राहणाऱ्यांचं काम फार सोपं झालंय.

अंधेरी ईस्ट, सीप्झ, एमआयडीसी, साकीनाका, चकाला इथं ऑफिस असेल तर वेस्टर्न लाईन किंवा घाटकोपर. ठाणे-मुलुंडकडून घाटकोपरला उतरायचं आणि मेट्रो १. हार्बरवर राहून अंधेरी ईस्टला रोज जायचं मनात पण आणू नका, मी खूप जणांना बघितलंय, वर्षभरात घर बदलतात.

पवईला रेल्वे स्टेशनच नाही. कांजूरमार्ग किंवा विक्रोळीला उतरून बस-रिक्षा, म्हणून कांजूर, भांडुप, विक्रोळी इथं खोली मिळाली तर उत्तम. गोरेगावचं नेस्को आणि मालाडचं माइंडस्पेस या ऑफिसांच्या दोन्ही संकुलांना वेस्टर्नच पाहिजे, दहिसर, बोरिवली, मीरा रोड, आणि तिकडं मेट्रो २ए आणि ७ पण आहेत.

ऐरोली, रबाळे, घणसोली, महापे म्हणजे ठाणे नायतर नवी मुंबईच. इथल्या पोरांनी कुणाचं ऐकून मुंबईत कशाला खोली घ्यायची? घणसोली, कोपरखैरणेत घ्या, पंधरा मिनिटांत ऑफिस. आणि बेलापूर, नेरुळ, तळोजा असेल तर हार्बर आणि नवी मुंबईची मेट्रो, खारघर-बेलापूर भागात रस्ते पण मोकळे.

पायरी ३: दिशा आणि सुटणारी गाडी

सकाळी आठ ते साडेदहा गर्दी उत्तरेकडून दक्षिणेला येते आणि संध्याकाळी परत जाते. म्हणजे डोंबिवलीहून सीएसएमटीला जाणारा लोंबकळत जातो आणि त्याच वेळी दादरहून ठाण्याला जाणारा बसून. ऑफिस ठाण्यात असेल आणि थोडं जास्त भाडं परवडत असेल तर दक्षिणेकडं, म्हणजे घाटकोपर-चेंबूरकडं राहून उलट दिशेनं जाणं हा फार मोठा आराम आहे. लोक "ऑफिसच्या जवळ" एवढंच बघतात, दिशा बघत नाहीत.

दुसरं म्हणजे गाडी कुठून सुटते. ठाणे, डोंबिवली, कल्याण, बदलापूर, अंबरनाथ, बोरिवली, भाईंदर, विरार, बेलापूर, पनवेल इथून लोकल सुटतात, म्हणजे रिकामी गाडी लागते आणि पाच मिनिटं आधी गेलात तर बसायला मिळतं. मधल्या स्टेशनवर, दिव्याला किंवा नालासोपाऱ्याला, गाडी येतानाच भरून येते. म्हणून नालासोपाऱ्याची माणसं सकाळी आधी उलटी विरारला जातात आणि तिथून सीट पकडून येतात, त्यासाठी पास पण विरारपासूनचा काढतात. एका स्टेशनच्या फरकाने तासाभराचा प्रवास उभ्याने की बसून हे ठरतं, पाठीचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल तर याच्याएवढं महत्त्वाचं काहीच नाही.

फास्ट-स्लोचंही बघा. सेंट्रलला ठाणे, डोंबिवली, कल्याण, घाटकोपर इथं बऱ्याच फास्ट थांबतात, कळवा-मुंब्र्याला मात्र मुख्यतः स्लोच. म्हणजे कळवा ठाण्याच्या अगदी शेजारी असूनसुद्धा वेळेत फरक पडतो. हार्बर आणि ट्रान्सहार्बरला सगळ्याच स्लो. आणि एक, विरार फास्टमध्ये बोरिवली-अंधेरीसाठी चढू नका, उतरताना दारापर्यंत पोचता येत नाही आणि शिव्या बसतात.

पायरी ४: दारापासून खुर्चीपर्यंत वेळ मोजा

ब्रोकर सांगतो "स्टेशनपासून पाच मिनिटं". ती रिक्षाची असतात, आणि ती पण दुपारी दोनची. तुम्ही स्वतः कामाच्या दिवशी, सकाळच्या वेळेला, त्या बिल्डिंगच्या गेटपासून ऑफिसच्या बिल्डिंगपर्यंत एकदा जाऊन बघा. रविवारी अजिबात नको, रविवारी गर्दी वेगळी आणि वर मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या बंद.

उदाहरण म्हणून ठाण्याचं बघा. घोडबंदर रोडवर कासारवडवलीला खोली घेतली आणि ऑफिस घणसोलीला. कागदावर दोन्ही ठाण्याच्याच आसपास. प्रत्यक्षात सकाळी आधी बसस्टॉप, घोडबंदरचं ट्रॅफिक, ठाणे स्टेशनला उतरून वेस्टकडून जिना चढायचा, पुलावर माणूस माणसाला लागून हळूहळू सरकतोय, अख्खं स्टेशन पार करून दहा नंबरकडं जायचं कारण ट्रान्सहार्बर तिकडच्या टोकाला, जिना उतरेपर्यंत समोरची वाशी सुटली की पुढच्या गाडीची वाट, मग घणसोली आणि मग रिक्षा. यात गाडीतला वेळ सगळ्यात कमी असतो! त्यापेक्षा ठाणे ईस्टला, कोपरीत खोली असती तर चालत त्याच प्लॅटफॉर्मच्या बाजूने आत शिरला असता. म्हणून ईस्ट का वेस्ट हा प्रश्न छोटा समजू नका.

येणाऱ्या मेट्रोच्या भरवशावर पण आज घर घेऊ नका. मेट्रो ३ चंच बघा, २०१७ च्या आसपास खोदकाम सुरू झालं, आरे ते बीकेसी टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडला आणि कफ परेडपर्यंत गाडी गेली ऑक्टोबर २०२५ मध्ये. तुमचं ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं आहे. आज जे चालू आहे तेवढंच धरा.

पायरी ५: भाडं अधिक प्रवास अधिक वेळ

आता वही घ्या. समजा बदलापूरला वन बीएचके घाटकोपरपेक्षा महिना ९,००० ने स्वस्त पडतोय (आकडा तुमचा तुम्ही टाका). ऑफिस घाटकोपर-अंधेरी पट्ट्यात, जायला एक तास जास्त आणि यायला एक तास जास्त, २४ दिवस, म्हणजे महिन्याला ४८ तास. ९,००० भागिले ४८, तासाला साधारण १८७ रुपये. त्यातून बदलापूरला स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा २० रुपये धरली तर जाऊन येऊन २४ दिवसांचे ९६० गेले, म्हणजे राहिले १६८ रुपये तास. आता स्वतःला विचारा, तासाला १६८ रुपयांसाठी रोज दोन तास जास्त उभं राहायला तयार आहे का? पगार १८ हजार असेल आणि घरी पैसे पाठवायचे असतील तर उत्तर हो येईल, त्यात काही चूक नाही, पोट आधी. पगार ६० हजार असेल तर बहुतेक नाही येईल. पण हिशोब करून हो म्हणणं आणि न करता अडकणं यात फार फरक आहे.

रेल्वेचा पास स्वस्त आहे, सेकंड क्लासचा तर फारच. खर्च वाढतो तो पुढच्या टप्प्यात: मेट्रो, रिक्षा, शेअर टॅक्सी. रेल्वेचा पास मेट्रोला चालत नाही, मेट्रो १ चं जास्तीत जास्त तिकीट ४० आणि मेट्रो ३ चं ७० रुपये एका बाजूचं, रोज धरलं तर चांगली रक्कम होते. लाईन बदलत असाल तर पास "व्हाया दादर" असा काढायला लागतो हे लक्षात ठेवा.

नवरा-बायको दोघांची ऑफिसं दोन टोकांना असतील तर

इथं मधलं ठिकाण शोधू नका, जंक्शन शोधा. एकाचं ऐरोली आणि एकाचं बीकेसी असेल तर ठाणे बरं, एकाला ट्रान्सहार्बर थेट आणि दुसऱ्याला कुर्ल्यापर्यंत थेट. एकाचं अंधेरी आणि एकाचं फोर्ट असेल तर घाटकोपर किंवा अंधेरीच. ज्याला उशीर होतो, ज्याची नोकरी जास्त पक्की आहे आणि जो मुलाला पाळणाघरातून आणणार आहे, त्याच्या सोयीला झुकतं माप द्या. बहुतेक घरात हे आणणं बाईकडं असतं आणि घर मात्र नवऱ्याच्या ऑफिसजवळ घेतात, हे मला अजिबात पटत नाही. पाळणाघर सातला बंद होतं, लोकल लेट झाली की त्या बाईच्या जिवाची काय घालमेल होते ते तिलाच माहीत.

एकट्या माणसालाही जंक्शनचा फायदा आहेच. नोकऱ्या बदलतात, ठाणे, घाटकोपर, कुर्ला, दादर, अंधेरी इथं राहिलात तर पुढचं ऑफिस कुठंही लागलं तरी सामान हलवायला लागत नाही.

पायरी ६: खोली बघायला जाताना

पहिला महिना-दोन महिने पीजी किंवा कॉट बेसिसवर (फक्त एका खाटेचं भाडं देऊन) राहा, घाईत डिपॉझिट अडकवू नका. तेवढ्यात लाईन, वेळ, सहकारी कुठून येतात हे सगळं कळतं.

बॅचलर असाल तर फोनवरच सांगा. बऱ्याच सोसायट्या बॅचलरना जागा देऊ देत नाहीत, आणि "फॅमिली येणारे" सांगून शिरलात तर पुढं रोज कटकट. ब्रोकरची दलाली साधारण एक महिन्याचं भाडं असते, खोली दाखवायचेच पैसे मागणारा आला तर सरळ पुढं चला.

खोलीत गेल्यावर किचनचा आणि बाथरूमचा नळ सोडून बघा, फ्लश करा, फोनला रेंज किती येते बघा, खिडकी उघडून नाला आहे का बघा. मग खाली या आणि वॉचमनला विचारा पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, टँकर मागवायला लागतो का. हे मालक सांगत नाही, वॉचमन सांगतो. वसई-विरार, मीरा-भाईंदर, डोंबिवली-बदलापूर पट्ट्यात हा प्रश्न विचारल्याशिवाय टोकन देऊच नका.

पावसाळ्याचं पण तिथंच विचारा, शेजारच्या दुकानदाराला, की जुलैमध्ये रस्त्यावर कुठपर्यंत पाणी येतं. तळमजला असेल तर भिंतीच्या खालच्या भागात ओल, रंगाचे पोपडे बघा. हिंदमाता, अंधेरी सबवे, मिलन सबवे हे नावाजलेले आहेत, सायन-कुर्ला रुळांवर पाणी आलं की सेंट्रल ठप्प. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, तेवढा रोज पडत नाही पण दरवर्षी दोनचार दिवस असे येतातच की घरी पोचता येत नाही. त्या रात्री ऑफिसच्या बाजूला कुणाकडं राहता येईल असं एक घर आधीच ठरवून ठेवा.

पायरी ७: ॲग्रीमेंट

लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचं ॲग्रीमेंट, अकरा महिन्यांचं असलं तरी महाराष्ट्रात ते लेखी आणि नोंदवलेलं असायलाच लागतं, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चं कलम ५५ तेच सांगतं आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकतं. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, दुसरं सिद्ध होईपर्यंत. त्यामुळे "नोटरी करून टाकू, पैसे वाचतील" म्हणणाऱ्या मालकाला हे शांतपणे सांगा, त्यालाच भीती वाटली पाहिजे.

खर्च काही फार नाही. एकूण भाडं आणि डिपॉझिटवर १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के स्टॅम्प ड्युटी. २०,००० भाडं, एक लाख डिपॉझिट, अकरा महिने धरले तर सहाशेच्या आतच येते. शहरात नोंदणी फी १,०००. बाकी एजंटची मजुरी. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, मालक, तुम्ही आणि दोन साक्षीदार आधारवरून अंगठा देता, झालं. अंगठा द्यायच्या आधी स्क्रीनवरचं भाडं, डिपॉझिट, लॉक-इन (ज्या मुदतीआधी जागा सोडता येत नाही ती), नोटीस पीरियड स्वतः वाचा, एजंटला घाई असते, असू दे. मुदत संपूनही जागा सोडली नाही तर दुप्पट भाड्याने भरपाई द्यावी लागू शकते, कलम २४, हेही लक्षात ठेवा. पोलिसांकडं भाडेकरूची माहिती गेल्याची पावती जपून ठेवा, सोसायटी मागतेच.

"हेवी डिपॉझिट" म्हणजे मोठी रक्कम एकदम द्यायची आणि भाडं शून्य किंवा नावाला. आयुष्याची जमा कुणाच्यातरी खात्यात पडते आणि त्या फ्लॅटवर बँकेचं कर्ज थकलेलं असेल तर आधी बँक येते. मी कुणालाच सुचवत नाही. करायचंच तर पूर्ण रक्कम ॲग्रीमेंटमध्ये लिहून, चेकने किंवा खात्यातून, रोख बिलकुल नाही. पागडीची जागा (एकदा पागडी देऊन जुन्या भाडेकरूने धरलेली) कुणी भाड्याने देत असेल तर तो माणूस खरा मालक नसतो, मूळ मालकाची लेखी परवानगी बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका.

नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते पैसे, मालकाने भरायचा असतो आणि तो सोसायटीच्या सर्व्हिस चार्जच्या १० टक्क्यांवर जाऊ शकत नाही, तुमच्या भाड्यात गुपचूप घालू देऊ नका.

राहायला गेल्यावर

पहिल्या दिवशी सामान आत टाकायच्या आधी प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा, गिझर, पंखे, टाईल्सची तडा, दाराचं कुलूप सगळं, वीज मीटरच्या रीडिंगचा फोटो, आणि मालकाला लगेच व्हॉट्सॲपवर पाठवा. जाताना डिपॉझिटमधून रंगाचे, नळाचे पैसे कापतात तेव्हा हाच व्हिडिओ उपयोगी पडतो. आधीच्या भाडेकरूचं वीजबिल थकलंय का तेही बघा, बिल बेस्टचं, अदानीचं, टाटाचं का महावितरणचं हे भागावर आहे, मुलुंड-भांडुप मुंबईत असून महावितरणकडं आहेत.

पास पहिल्यांदा एक महिन्याचाच काढा. दोन-तीन आठवड्यात तुमची गाडी, तुमचा डबा, तुमचं दार ठरतं, कदाचित एक स्टेशन मागून बसणं जास्त बरं आहे असं पण कळतं, मग तीन महिन्यांचा काढा. सोडायचं ठरलं तर नोटीस लेखी द्या, व्हॉट्सॲप आणि ईमेल दोन्हीवर, आणि डिपॉझिट चावी देताना हातोहात खात्यात घ्या, "पुढच्या आठवड्यात टाकतो" यावर चावी देऊ नका.